दोन जेवणं आणि एक झोप

विमानाची तिकिटं विकणाऱ्या त्या ऑफिसात त्यांना सगळे मिनिटकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. गिऱ्हाईक काउंटरवर टेकून म्हणायचं, "साधारण दहा तास लागतील, नाही का?" की काका चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "साधारण नाही. नऊ तास पंचावन्न मिनिटं."

शेजारच्या टेबलावर व्हिसाचे कागद तपासणारी बाई, म्हणजे सगळ्यांची व्हिसाबाई, एकदा म्हणाली, "काका, तुमच्या जन्माच्या वेळी डॉक्टर उशिरा आला असणार. त्याचा राग तुम्ही अजून लोकांवर काढताय."

"डॉक्टर वेळेवर होता," काका म्हणाले. "मीच चार दिवस आधी आलो."

एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. कुठलं शहर कुठून किती लांब, विमान किती वाजता सुटतं, कुठे थांबतं, खरंच किती वाजता टेकतं. छापील वेळेवर त्यांचा विश्वास नव्हता. खिशात एक निळी डायरी असायची. तिच्यात डाव्या बाजूला छापील वेळ, उजव्या बाजूला खरी. आपल्या गिऱ्हाइकाचं विमान उतरलं की ते ती नोंद करत आणि मगच दुसऱ्या कामाला हात लावत.

नऊ वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा मुलगा नोकरीसाठी लांब गेला, तेव्हा त्यांनी बायकोला सांगितलं, "बारा हजार सहाशे चाळीस किलोमीटर."

"मला किलोमीटर कळत नाहीत," ती म्हणाली. "वेळ सांगा."

"हवेत पंधरा तास पंचावन्न मिनिटं. मध्ये एकदा विमान बदलायचं, तो वेळ वेगळा."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे दोन जेवणं आणि एक झोप."

तेव्हापासून घरात तेच माप झालं. शेजारणीने विचारलं, मुलगा किती लांब असतो हो, तर ही सांगायची, दोन जेवणं आणि एक झोप. शेजारीण म्हणायची, "एवढंच? माझा तर पुढच्या गल्लीत राहतो आणि वर्षातून एकदा दिसतो." दोघी हसायच्या. काकांना हे माप आवडत नव्हतं. त्यात मधला थांबा धरलेला नव्हता.

काकांचा एक नियम होता. तो त्यांनी जाड पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवला होता: 'दीड तासाच्या आतलं जोडविमान विकायचं नाही.' पहिलं विमान उतरणं आणि दुसरं सुटणं यात कमीत कमी दीड तास हवा. कंपन्या पाऊण तासाचीही जोडणी विकत आणि ते कायदेशीरही होतं. काका विकत नसत.

त्यामागे एक माणूस होता. काकांच्या नोकरीचं तेव्हा सहावं वर्ष. चष्मा लावणारा, शांत, मध्यमवयीन. वडील शेवटच्या घटका मोजत होते आणि त्याला लवकरात लवकर पोचायचं होतं. काकांनी त्याला पाऊण तासाची जोडणी काढून दिली. ती चुकली. त्या मार्गावर तेव्हा आठवड्यातून दोनच विमानं होती. पुढचं तिसऱ्या दिवशी. महिन्याभराने तो माणूस ऑफिसात आला, न वापरलेलं अर्धं तिकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "हे तुमच्याकडेच राहू द्या." आवाज चढवला नाही, पैसे मागितले नाहीत. त्याच संध्याकाळी काकांनी पुठ्ठा कापला.

बायकोचं दुखणं आठ महिन्यांचं. शेवटचे बारा दिवस हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर. थोरली, म्हणजे काकांची मुलगी, आपलं घर नवऱ्यावर टाकून आईजवळ येऊन राहिली होती. त्यातल्या अकराव्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टरांनी दोघांना बाहेर बोलावलं.

"मुलाला बोलावून घ्या," ते म्हणाले.

"किती वेळ आहे?" काकांनी विचारलं.

"दोन दिवस म्हणू या."

"दोन म्हणजे अठ्ठेचाळीस तास?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, याला घड्याळ लावू नका."

पण घड्याळ लागलेलंच होतं. ऑफिस हॉस्पिटलपासून चालत नऊ मिनिटांवर. काका गेले, आपल्या खुर्चीत बसले, संगणक उघडला आणि धाकट्याला फोन लावला. तिकडे पहाट होती. पहिल्याच घंटेला त्याने उचलला. एवढ्या अवेळी फोन का येतो, हे लांब राहणाऱ्या मुलांना सांगावं लागत नाही.

"आहे ना ती?"

"आहे. तू निघ. मी तिकीट काढतोय."

"मीही इथे बघतोय, बाबा. आज दुपारचं विमान आहे. मध्ये पन्नास मिनिटं मिळतात आणि लगेच पुढचं आहे. उद्या दुपारी दोनच्या आत उतरतो."

"एक पंचावन्नला. ते नको."

"का?"

"पन्नास मिनिटांत जोडणी चुकते."

"नेहमी?"

काकांना खोटं सांगता येत नव्हतं. "चारात एकदा."

"म्हणजे चारात तीनदा मिळते."

व्हिसाबाई आपल्या टेबलावरून बघत होती.

"अरे, हे माझं काम आहे," काका म्हणाले. "पहिलं विमान तेच घे. मधे उतरून नीट थांब आणि दुपारी पावणेतीनच्या विमानाने ये. आठला उतरशील, सव्वानऊला आईपाशी. डॉक्टरांनी दोन दिवस सांगितलेत. त्यातून पावणेचौदा तास हातात राहतात."

मग धाकटा म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणाल तसं." लहानपणी शाळेच्या बसला दहा मिनिटं आधी नेऊन उभं केलं की तो असंच म्हणायचा.

काकांनी तिकीट काढलं. डायरीत डाव्या बाजूला सगळ्या वेळा लिहिल्या, आपल्या घड्याळाच्या हिशोबाने. सुटणार रात्री नऊ दहा. मधे उतरणार सकाळी सात पन्नास. उजवी बाजू कोरी ठेवली.

खाटेपाशी परत आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, "येतोय. उद्या रात्री सव्वानऊला."

तिने बोटं हलवली. मोजत होती. "जेवणं फार होतात हो," ती म्हणाली. "माझ्या मापात एवढी होत नाहीत."

"मधला थांबा आहे ना."

"तुमचा थांबा," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसून फोनवर विमान बघत होते. नकाशावर एक बारीकशी खूण सरकत होती. तिच्यात आपला मुलगा बसलाय, हे त्यांना माहीत होतं आणि तरी पटत नव्हतं. सात बत्तीसला खूण थांबली. खाली अक्षरं आली: उतरलं. काकांनी खिशातून डायरी काढली आणि उजव्या बाजूला लिहिलं, '७.३२. अठरा मिनिटं आधी.'

लिहून झाल्यावर ते आकड्याकडे बघत राहिले. धाकट्याने मागितलेलं विमान आठ चाळीसला सुटणार होतं. अजून एक तास आठ मिनिटं होती.

ते उठून बाहेरच्या बाकावर आले आणि व्हिसाबाईला घरी फोन लावला. काकांना फोनवरचं नीट ऐकू येत नसे, म्हणून ते तो नेहमी स्पीकरवर लावत.

"ऑफिसचं बुकिंग घरून उघडता येतं ना तुला? आठ चाळीसच्या विमानात एक सीट बघ."

नुसती बटणांची टकटक ऐकू येत राहिली. "नाही काका. भरलंय."

"काल दोन होत्या."

"काल होत्या."

"प्रतीक्षायादी?"

"अकरा जण आहेत." मग तिला बहुधा वाटलं की काहीतरी बोलायला हवं. धीर द्यावा म्हणून ती बोलायला गेली आणि नको तेच बोलली. "काल मलाही वाटलं होतं, काढून द्यावी ती पन्नास मिनिटांची. चुकली असती तरी कंपनीने त्याला दुपारच्याच विमानात बसवलं असतं, फुकट. त्यात तर अजूनही अठरा जागा रिकाम्या आहेत. पण म्हटलं, तुमच्यापुढे मी काय बोलणार."

काकांनी फोन बंद केला. मागे थोरली चहाचा कागदी कप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, मला नीट सांगा," ती म्हणाली. "त्याने ते घेतलं असतं आणि चुकलं असतं, तर काय झालं असतं?"

"दुपारच्या विमानाने आला असता."

"म्हणजे आता येतोय त्याच."

"त्याच."

"मग घालवायला होतं काय?"

"पूर्वी होतं," काका म्हणाले. "पुढचं विमान तिसऱ्या दिवशी असायचं."

"आणि आता?"

"आता नव्हतं."

तिने कप बाकावर ठेवला. "पंचवीस वर्षं तुम्ही त्या पुठ्ठ्यावर काय लिहिलंय ते परत बघितलं नाहीत?"

वेळापत्रक दर सहा महिन्यांनी बदलतं, हे ते नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवत. काचेखालचा पुठ्ठा मात्र त्यांनी वेळापत्रकात धरला नव्हता. तो त्यांना माणूस वाटत होता, चष्मा लावलेला.

आठ चाळीसचं विमान नऊ वाजता सुटलं. वीस मिनिटं उशिरा. काकांनी तेही लिहिलं.

नऊला बायकोला जाग आली. "कुठे आला?"

"मधल्या विमानतळावर. अजून पाच तास पंचेचाळीस मिनिटं तिथेच."

थोरलीने त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता.

बाराला बायकोने परत विचारलं. "तिथेच," काका म्हणाले. "अजून पावणेतीन तास." धाकट्याचा एक संदेश आला होता: 'बसलोय. आई कशी आहे?' थोरलीने उत्तर लिहिलं: 'वाट बघतेय.' दोघांनीही सकाळच्या विमानाचं नाव काढलं नव्हतं.

दुपारी डॉक्टर दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. दोन दिवसांमधले अठ्ठावीस तास झाले होते. काकांनी विचारलं नाही.

तीनला बायको म्हणाली, "निघाला?"

"निघाला. पंधरा मिनिटं झाली. अजून पाच तास हवेत, मग सामान, मग टॅक्सी..."

"लांब आहे," ती म्हणाली. आणि तोंड भिंतीकडे केलं.

नऊ वर्षांत हे अंतर तिने कधी लांब म्हटलं नव्हतं.

"बाबा, बाहेर या," थोरली म्हणाली. बाहेर गेल्यावर ती दात ओठ खाऊन पण हळू आवाजात बोलली, "तुम्हाला एकदा, एकदाच, जवळ आलाय असं म्हणता येत नाही का? ती तिकीट काढायला आलीये का तुमच्याकडे?"

"खोटं सांगू तिला?"

"तिला आकडा नकोय. तिला तो हवाय. तो तर तुम्ही आणू शकत नाही ना?"

काका परत येऊन स्टुलावर बसले. फोनमधली खूण समुद्रावर होती. सगळा निळा कागद आणि त्यावर ती टाचणीच्या डोक्याएवढी खूण. चार वाजून दहा मिनिटांनी बायकोने भिंतीकडचं तोंड वळवलं. श्वास तुटक येत होता, पण नजर स्वच्छ होती.

"अहो."

"हं."

"कुठे आला?"

तीन तास पन्नास मिनिटं. आकडा जिभेवर तयार होता. एकतीस वर्षांच्या सवयीने आपोआप आलेला.

"उतरला," काका म्हणाले.

थोरलीने मान वर केली.

"उतरला?"

"हो. टॅक्सीत बसला."

"एवढ्यात?" बायको म्हणाली. चौतीस वर्षं ती या माणसाबरोबर राहिली होती. विमान टेकल्यापासून टॅक्सीत बसेपर्यंत किती वेळ जातो, हे तिलाही तोंडपाठ होतं. "आणि सामान?"

"पट्ट्यावर पहिली बॅग त्याचीच आली."

"पहिली कधी कुणाची आलीये," ती म्हणाली. ओठांचा एक कोपरा वर गेला. थोड्या वेळाने म्हणाली, "जेवला का?"

"दोनदा."

"आणि झोप?"

"झाली."

"मग आलाच."

"आलाच," काका म्हणाले.

"किती लागतील आता?"

"पंचेचाळीस मिनिटं."

"म्हणजे साधारण पाऊण तास." तिने त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं या शब्दावर चिडणारे काका आता काय करतात, हे तिला बघायचं असावं.

"साधारण पाऊण तास," काका म्हणाले आणि तिचा हात हातात घेतला.

तिने पुढे काही विचारलं नाही. अर्ध्या तासाने, चार वाजून चाळीस मिनिटांनी, ती गेली. थोरली आईच्या पायांवर डोकं ठेवून रडली. काका उठले नाहीत. फोनवर खूण अजून समुद्रावरच होती. पन्नास मिनिटांची जोडणी मिळाली असती, तर धाकटा तीन दहाला या खाटेपाशी असता. वीस मिनिटांचा उशीर धरला तरी साडेतीनला. तिने भिंतीकडे तोंड केलं होतं, त्या सुमाराला. हे गणित त्यांनी एकदाच केलं.

धाकट्याला आणायला थोरलीचा नवरा विमानतळावर गेला. हवेतल्या माणसाला कळवायचं नाही, असं थोरलीने ठरवलं होतं. पण विमानतळाच्या दारात एकट्या मेहुण्याला बघितल्यावर त्याला कळलंच. हॉस्पिटलात आल्यावर तो आईच्या कपाळाला हात लावून किती तरी वेळ उभा राहिला, बाहेरच्या कोटासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पोचवून सगळे परत आले. नातेवाईक पांगले. दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघंच उरली: काका, थोरली, धाकटा. टेबलावर चहाचे कप होते. शेजारणीने आणून दिलेलं झाकलेलं जेवण होतं आणि काकांची निळी डायरी होती. सवयीने खिशातून काढून ठेवलेली, मिटलेली.

मग धाकट्याने कपाकडे बघत म्हटलं, "बाबा, बरं झालं तुम्ही ती सकाळची जोडणी नाही काढलीत."

काकांनी मान वर केली.

"विमान उशिरा उतरलं," तो म्हणाला. "साधारण पाऊण तास. धावून काही उपयोग झाला नसता. चुकलीच असती."

थोरलीचा हात कपावर थांबला. ती आधी भावाकडे बघत राहिली, मग वडिलांकडे. चुकीचा आकडा ऐकल्यावर हा माणूस काय करतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नघरात, आजाऱ्याच्या उशाशी, कुठेही त्यांनी तो दुरुस्त केला होता. डायरी त्यांच्या मनगटापासून वीतभर अंतरावर होती. तिच्यात सात बत्तीस लिहिलेलं होतं.

धाकट्याचे डोळे लाल होते. एक तास आठ मिनिटं तो तिथे काय करत असेल, हे काकांना आता दिसलं. तो धावत त्या दारापर्यंत गेला असणार. लोक आत जाताना बघितले असणार. काउंटरवर हात जोडले असणार. भरलंय म्हणून सांगितल्यावर काचेला टेकून, विमान मागे सरकेपर्यंत उभा राहिला असणार. आणि मग पुढचे पावणेसहा तास हे वाक्य तयार करत बसला असणार.

"हो," काका म्हणाले. "त्या मार्गावर होतो तेवढा उशीर."

थोरलीने कप उचलला आणि सिंककडे गेली. नळ मोठा सोडला.

"आईने विचारलं होतं का माझं?"

"विचारलं."

"काय?"

"जेवलास का म्हणून."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"दोनदा जेवला म्हणून."

धाकट्याने तोंडावर दोन्ही हात धरले. तसंच, हातांच्या आडून तो म्हणाला, "मी निघाल्यापासून काहीच खाल्लं नाहीये, बाबा. विमानात दिलं होतं त्यांनी, दोन्ही वेळा. झाकणसुद्धा उघडलं नाही."

मिनिटकाका उठले. डायरी त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे सरकवली. मग त्यांनी शेजारणीच्या भांड्यांवरची झाकणं काढली आणि सगळं गरम करायला ठेवलं. कुठल्या भांड्याला किती वेळ लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ते शेगडीजवळ उभे राहून नुसती वाफ यायची वाट बघत राहिले.